धुळीत न सापडलेली बाई

तुम्ही आम्हाला फसवलंत. सरळच लिहिते, गोल गोल लिहायला मला कुणी शिकवलेलं नाही. सात वर्षांपूर्वी सरकारनं देशभर शिबिरं घेतली, तेव्हा शाळेच्या पडवीत टेबलं मांडून तुम्ही आमच्या बोटांना सुया टोचल्यात. अंगात रक्त कमी आहे का बघायचं, साखर बघायची, असं सांगितलंत. बायका रांगेत उभ्या राहिल्या, बोट पुढं केलं, एक केळं आणि बिस्किटाचा पुडा घेऊन घरी गेल्या. त्या एका थेंबातून तुम्ही प्रत्येकाच्या रक्ताची नोंद काढून ठेवलीत. ती औषधपाण्यासाठी वापरायची होती. तुम्ही ती घरांची कुलपं उघडायला वापरलीत. आणि हे करता करता पळसखिंडीतली एक जिती-जागती बाई तुमच्या कागदावरून गायब केलीत.

मी काही बाहेर उभी राहून हे बोलत नाही. कुलपं उघडणाऱ्यांत मीही होते.

मी रेश्मा कुंभार, राहणार विटा. बारावी नापास. बंद घरांचे मालक शोधायचे, घर विकत घ्यायचं, डागडुजी करून पुढं विकायचं, हा माझा धंदा. आमच्या भागात या धंद्याला मरण नाही. इथल्या गावागावांतली माणसं दोन-तीन पिढ्या गलाईच्या कामाला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायला, देशभर गेली. सेलम, कोइमतूर, कानपूर, कलकत्ता. तिकडं कमावलं आणि इकडं गावात दुमजली घरं बांधली. घरं बांधली आणि कुलपं लावून परत गेली. मग पोरं तिकडंच शिकली, तिकडंच लग्नं झाली, आणि घर कुणाचं हे कुलपालाही आठवेना.

पूर्वी मी मालक कसा शोधायचे सांगते. आधी देवळात जायचे. ग्रामदैवताच्या देवळाच्या भिंतीत देणगीदारांची संगमरवरी पाटी असते, त्यावर नाव आणि पुढं गाव कोरलेलं असतं. गावाकडचा माणूस कुठंही गेला तरी यात्रेची वर्गणी चुकवत नाही. पाटीवरून शहर मिळायचं. मग त्या शहरातल्या गलाईवाल्यांच्या मंडळाला फोन. तिथून पुतण्या, मेहुणा, साडू करत करत खरा माणूस. महिना जायचा, पण त्यात मजा होती. एकेका कुलपामागं काय काय निघायचं! भांडलेले भाऊ, पळून गेलेली मुलगी, कुणाला न सांगता केलेलं दुसरं लग्न. मला दुसऱ्याच्या घरात डोकावायची हौस आहे, हे मी लपवत नाही.

मग तुमचं धूळयंत्र आलं आणि महिन्याचं काम अर्ध्या तासावर आलं.

तुमच्या कचेरीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते, कारण हे यंत्र खरंच भारी आहे. माणूस घरात राहतो म्हणजे काय करतो? झडतो. कातडीचे बारीक कण, केस, शिंकेचे शिंतोडे. घरातल्या धुळीत माणसाचा हा चुरा सगळीकडं मिसळलेला असतो. त्या चुऱ्यात त्याचा डीएनए असतो. यंत्र जेवणाच्या डब्याएवढं. नळीनं धूळ ओढून घेतं, त्यातले धागे वाचतं आणि तुमच्या रक्तनोंदीशी ताडून बघतं. धूळ कुणाची, आणि त्याचं जवळचं रक्ताचं माणूस आज कुठं आहे, हे सांगतं.

दुसरी करामत मला जास्त आवडली होती. डीएनए ताजा असतो तेव्हा धागा लांब असतो. दमटपणा, ऊन, जंतू त्याला तोडत राहतात. दोन वर्षांनी तुकडे, दहा वर्षांनी तुकड्यांचे तुकडे. म्हणजे तुकडा जितका आखूड, तितकी धूळ जुनी. या घरात माणूस शेवटचं कधी राहिलं हे त्यावरून कळतं. लोकांनी रिकाम्या घरांवरचा कर चुकवायला दिव्यांना टायमर लावले होते, म्हणजे संध्याकाळी आपोआप दिवा लागायचा आणि वीजबिल यायचं. शेजारी तर खोटं बोलायला बसलेलेच. म्हणून तुम्ही ठरवलंत की बिल बघायचं नाही, शेजाऱ्याचं ऐकायचं नाही, फक्त धूळ बघायची. धूळ लाच घेत नाही, असं तुमच्या जाहिरातीत होतं. मला ते वाक्य फार पटलं होतं.

सात वर्षांत ताजी धूळ नाही, तर घर 'निर्मनुष्य'. एकदा निर्मनुष्य ठरलं की वारसाचा जुना कायदा बाजूला. धुळीतून सापडलेल्या रक्ताच्या वारसानं सहा महिन्यांत माझ्यासारख्या परवानाधारकाला घर विकायचं. नाही विकलं, तर तुम्ही कुलूप लावणार आणि लिलाव करणार.

पळसखिंडीतलं देवकरांचं घर मला असं निर्मनुष्य घरांच्या यादीतून मिळालं. कागदावर मालक धोंडीराम देवकर, मरून तीस वर्षं झालेला. वारसनोंद कुणी केलीच नव्हती. धुळीवरून नातू सापडला, कार्तिक देवकर, कोइमतूर. मी फोन लावला.

"हां, आजोबांचा घर. बंद आहे ना?" तो म्हणाला. जन्म तिकडचा, त्यामुळं मराठी अशी.

"तुम्हाला माहीत नाही?"

"सरकारचाच पत्र आला, बंद आहे म्हणून. मी तर लहानपणी एकदा आलो होतो. काका वारल्यावर काकी माहेरी गेली असेल. सरकार खोटा कशाला लिहील?"

करार झाला. घर बघायला मी जानेवारीत सकाळी अकरा वाजता पळसखिंडीत गेले. दार उघडं होतं. उंबऱ्याशी एक सत्तरीची बाई पदर खोचून पायरी घासत होती.

"थांब थांब! पाय पुसून ये," ती म्हणाली.

मी पायपुसण्यावर पाय पुसले. "मावशी, इथं कोण राहतं?"

"मी. तुला काय वाटलं, मुंजा?"

"तुम्ही देवकरांच्या कोण?"

"धोंडीराम देवकरांची थोरली सून. शालन. आमचं मालक कोइमतुरात असायचं, त्यांला जाऊन बारा वर्सं झाली. मी हितंच. लगीन करून आले ती हितंच."

"तुमचं घर रिकामं आहे असं कागद म्हणतोय."

"मग बस कागदासंगं बोलत. मी च्या ठेवते."

मी आत गेले. आणि सांगते, असं घर मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. फरशीत तोंड दिसत होतं. तांब्याचे हंडे उजळ. खिडकीच्या गजांना हात लावला, बोट कोरडं आणि स्वच्छ. मुलंबाळं नाहीत, जनावर नाही. दिवसभर ही बाई आणि तिचा खराटा.

"धूळ तपासायला माणसं आली होती का?"

"आलती की. आधी पत्र आलंतं." तिनं फळीवरून पत्र काढलं. पथक येणार, घर उघडे ठेवावे, सहकार्य करावे. "मग चार दिस राबले बघ. गोधड्या धुतल्या, भिंती झाडल्या, ब्लीचिंग पावडर टाकून फरशी दोनदा धुतली. सरकारची माणसं येणार, कुणी नाव ठेवाय नगो. एक माळा तेवढा ऱ्हायला. गुडघा ऐकत न्हाय, शिडी चढवत न्हाय."

मी चहाचा कप खाली ठेवला. ब्लीचिंग पावडर डीएनए मुळापासून जाळते. प्रयोगशाळेतली माणसं टेबलं पुसायला तेच वापरतात. बाईनं पाहुणे येणार म्हणून घर आवरलं आणि त्यात स्वतःलाच पुसून टाकलं. यंत्राला मिळाली ती फक्त माळ्यावरची धूळ. सासऱ्याची, नवऱ्याची, तीस वर्षांची.

तरी माझी चौकस बुद्धी गप्प बसेना. माणसांनी तिला डोळ्यांनी बघितलं असेलच की! मी विट्याला परत येऊन सिद्धनाथला गाठलं. सिद्धनाथ यंत्र चालवतो, चांगला तिशीचा बाप्या आहे, दोन लेकरांचा बाप. टपरीवर बसलो.

"सिदू, देवकरांचं दार कुणी उघडलं होतं?"

"एका बाईनं."

"कुठली बाई?"

"शेजारची असंल, ताई. मालकांच्या नावात तिचं नाव नव्हतं. आमच्या यंत्रात तीनच पर्याय येतात. मालक, शेजारी, पोलीस पाटील. मी शेजारी दाबलं."

"आणि चहा पिलास का?"

"पिलो."

"कुणाच्या चुलीवर केला होता?"

तो हळूच म्हणाला, "आलं घातलं होतं."

त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं, पण त्यानं आपणहून अहवाल उघडून माझ्यापुढं सरकवला. "एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती," तो म्हणाला. "हे बघा. माळा सोडून सगळीकडं शून्य. माणसाचं शून्य, उंदराचं शून्य, पालीचं शून्य. ताई, मी चारशे घरं केलीत. बंद घर असं कधीच नसतं. बंद घरात उंदीर असतोच, पाल, वटवाघूळ, चिमणी, काहीतरी नांदतच असतं. एवढं शून्य फक्त रोज कुणीतरी झाडलं तरच येतं."

"मग लिहिलं का नाहीस?"

"कुठं लिहू? शून्याचं कारण लिहायला रकाना नाही."

मी टपरीवरून उठले ते गाडीत जाऊन बसून राहिले. यादीवरून मी त्याआधी अकरा घरं घेतली आहेत. त्यातल्या एका घराची चूल घासून पुसून लख्ख होती. मला ते तेव्हाही दिसलं होतं. तेव्हा मी काय केलं माहितीय? खूष झाले. म्हटलं, चला, सफाईवाल्या बाया लावायला नकोत. त्या घरात कोण होतं, ते आज कुठं आहे, हे मी विचारलं नव्हतं. लोकांच्या घरात डोकावायची हौस असलेली मी, तिथं डोकावले नाही.

नियम वाचला. बसून, तीन वेळा. वसती आहे असं कुणाला म्हणायचं असेल तर फेरनमुना मागता येतो, एकदाच. पण दोन-चार दिवसांची धूळ पाहुण्याची धरतात. वसती म्हणायला एकवीस दिवसांचा थर लागतो. म्हणजे शालनमावशीनं एकवीस दिवस घर झाडायचं नाही, पुसायचं नाही. एवढंच. मला वाटलं, किती सोपं!

मी जाऊन सांगितलं. ती माझ्याकडं असं बघत राहिली, जणू मी तिला चोरी करायला सांगत होते.

"दिवेलागणीला केर तसाच ठिवायचा?"

"तसाच."

"सणवार आला तर?"

"तरी तसाच. मावशी, घर जाईल."

तिनं माझ्यासमोर खराटा उचलला, परड्यात नेऊन लाकडांच्या मागं उभा केला.

पाचव्या दिवशी गेले तर ती ओसरीवर झोपायला लागली होती. आत नको वाटतं म्हणाली. मी बाहेरूनच बोलले, आत पाऊल टाकलं नाही, माझी धूळ मिसळली तर नमुना बाद व्हायचा. दहाव्या दिवशी समोरची बाई मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "शालनआक्काला खूळ लागलं वाटतं. का आता नोकरीन ठिवणार हाय?" शालनमावशीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण तिचा हात मांडीवर हलत होता. झाडल्यासारखा, एकाच जागी, पुढं-मागं.

"मावशी, आणखी अकरा दिवस."

"व्हय," ती म्हणाली. "माणूस आजारी पडलं तर एवढं दिस पडून ऱ्हातंच की. तसं धरायचं."

सोळाव्या दिवशी मी गेले तेव्हा लांबूनच फिनेलचा वास आला. पायरी ओली होती. ती आत, फरशीवर बसून, ओल्या फडक्यानं कोपरा पुसत होती.

मी ओरडले. खरं लिहिते, वयाचं भान न ठेवता ओरडले. "मावशी! पाच दिवस राहिले होते हो! पाच दिवस!"

"तू ऱ्हा की मग पाच दिस."

"झालं काय पण?"

ती पुसत राहिली. मग फडकं पिळून बादलीवर टाकलं. "समोरची सून आलती. नव्या लेकराला घिऊन. माझ्या पाया पडाय आणलंतं. मी म्हणलं, ये, बस, ठिव बाळाला खाली, खेळू दे. तिनं फरशीकडं बघितलं. आन् लेकरू कमरंवरनं उतरवलं न्हाय."

मी उंबऱ्यावरच बसले.

"मला लेकरू न्हाय," ती म्हणाली. "पर ह्या गल्लीतली सगळी ह्या फरशीवर रांगल्यात. पन्नास वर्सांत कुणी उभ्या उभ्या परत गेलं न्हाय." मग माझ्याकडं बघून तिनं विचारलं, आणि तो प्रश्न मी तुमच्यासाठी जसाच्या तसा लिहिते. "घाण करून राहिले तर मी हाय, आन् नीट राहिले तर न्हाय? असलं कसलं गं यंत्र?"

मी कोइमतूरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून तिच्या हातात दिला.

"कार्तिक का? जेवलास का बाळा?"

पलीकडून तो म्हणाला, "काकी, तू तिथंच आहेस?"

"मग कुठं जाऊ?"

तो रडला की काय ते कळलं नाही. मला एवढंच म्हणाला, "मी विकत नाही. करार फाडा." मी त्याला समजावलं की त्यानं फाडून काही होत नाही. त्यानं नाही विकलं की तुम्ही कुलूप लावणार. त्यानं तिला दान दिलं तर चालत नाही, कारण निर्मनुष्य घर फक्त परवानाधारकाला जातं. मी घेतलं नाही तर दुसरा परवानाधारक घेईल. प्रत्येकाचा हात बांधलेला, आणि बांधणारा कोण ते कुणालाच दिसत नाही.

मग मी माझ्या मते मोठ्या मनानं एक बोलले. "मावशी, घर मी घेते. तुम्ही राहा इथंच, मरेपर्यंत. भाडं नको."

ती हसली. "माझ्याच घरात तुझ्या उपकारावर? तू बरी हायस, पोरी. पर उद्या तुझी सून कशी असंल कुणाला ठाव?"

एकच दार उरलं होतं. परवानाधारकाला स्वतःच्या परवान्यावर हरकत घेता येते की अहवाल खोटा आहे. हरकत टिकली नाही तर परवाना कायमचा जातो. हा धंदा सोडून मला दुसरं काही येत नाही, आणि घरात माझ्यावाचून मिळवणारं कुणी नाही. मी हरकत घेतली. खूप शूर आहे म्हणून नाही. त्या लख्ख चुलीचं काय करायचं ते मला कळत नव्हतं, म्हणून.

सिद्धनाथनं लिहून दिलं की दार उघडणारी बाई घरातलीच होती, 'शेजारी' हे चुकीनं दाबलं गेलं. त्यावर त्याची सही आहे. तुमच्या यंत्रणेनं ते परत पाठवलं. शेरा काय, तर मानवी जबाब ग्राह्य नाही. सिद्धनाथची आता चौकशी लागली आहे. हरकतीच्या फॉर्मच्या शेवटी तुम्ही विचारता, पुराव्याच्या धूळ नमुन्याचा क्रमांक. माझ्याकडं क्रमांक नाही. फेरनमुना घेतला, पुन्हा शून्य आलं, येणारच होतं. म्हणून क्रमांकाच्या जागी हे सगळं लिहून जोडलं आहे. माझा परवानाही जोडला आहे, मागून घ्यायला माणूस पाठवायचा त्रास नको.

आता नीट वाचा. तुमची नोटीस आली आहे, येत्या गुरुवारी पथक कुलूप लावायला येणार. त्या दिवशी शालन देवकर घरात असेल. ती स्वतःहून बाहेर येणार नाही, मी विचारलं आहे. म्हणजे कुलूप लावायचं तर आधी तिला दंडाला धरून बाहेर आणावं लागेल. आणि बाहेर आणलं तर नियमाप्रमाणं पंचनामा करावा लागेल. पंचनाम्यात लिहावं लागतं, घरातून कुणाला काढलं, वय किती, किती वर्षं राहत होती.

मग तिथं तुम्ही काय लिहिणार? रिकाम्या घरातून तुम्ही कुणाला बाहेर काढणार आहात? तिचं पूर्ण नाव लिहा, खाली तुमची सही करा, आणि बुधवार संध्याकाळच्या आत मला उत्तर पाठवा. लेखी.